साठ पानं झाली, अजून कोणी घराबाहेर पडत नाहीये

चरईवाला
रविवार, रात्री १०:२०

मंडळी, जरा सल्ला द्या. घर चरईत, नोकरी महापेला. रोज ट्रान्स-हार्बरने ठाणे ते कोपरखैरणे. गाडी ठाण्याहूनच सुटते म्हणून सकाळी बसायला मिळतं, तेवढंच सुख. इतकी वर्षं तो वेळ फोनमध्ये घातला. गणपतीनंतर ठरवलं, फोन बॅगेत आणि हातात पुस्तक. नौपाड्यात जुन्या पुस्तकांच्या एका गाळ्यावर टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड दीडशे रुपयांना मिळाला, उचलला. सिनेमा कॉलेजात असताना पाहिलाय, त्यामुळे शेवट ठाऊक आहे. म्हटलं, बघू तरी.

आता तक्रार. आधी प्रस्तावना. हॉबिट नावाची बुटकी, केसाळ पायांची, मिळालं तर दिवसातून सहा वेळा जेवणारी जमात. त्यांचा इतिहास, मग त्यांच्या तंबाखूचा वेगळा इतिहास, मग त्यांचा कारभार. ते कसंबसं संपवलं तर पहिल्या प्रकरणात बिल्बो नावाच्या आजोबांचा एकशेअकरावा वाढदिवस. मांडव, आचारी, आहेर, भाऊबंद. आजोबा भाषण करता करता सगळ्यांदेखत गायब होतात. चला, सुरू झालं एकदाचं, असं म्हणतोय तर दुसऱ्या प्रकरणात सतरा वर्षं निघून जातात. सतरा! आणि मग गँडाल्फ नावाचा जादूगार आणि आजोबांचा वारस फ्रोडो शेगडीपाशी बसून बोलतात. घणसोली गेलं, कोपरखैरणे आलं, दोघं बोलतच आहेत.

साठेक पानं झाली, अजून कोणी घराबाहेर पडलेलं नाही. तर प्रश्न असे: रेटू की सोडू? गाणी गाळली तर चालतं का? आणि तंबाखूचं ते सगळं पुढे कुठे कामाला येतं का?


घोडबंदर_ग्रस्त
रविवार, रात्री १०:३१

साठ पानांत घराबाहेर पडले नाहीत म्हणजे आमच्या कासारवडवलीचेच असणार. इथेही माणूस निघतो आठला आणि साडेनऊला अजून गेटपाशीच असतो.


खाडीपार
रविवार, रात्री १०:४५

सोडा. प्रामाणिक मत. मी तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा दुसऱ्या प्रकरणात ठेवून दिलं. आपल्या कहाण्या बघा. "आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता." झालं नगर उभं. कुठल्या दिशेला, कोण काय ओढतं, टपालखातं कसं चालतं, कोणी विचारत नाही. चौथ्या वाक्याला नावडतीचा छळ सुरू. लेखकाला गोष्ट सांगायची आहे की गॅझेटियर लिहायचं आहे, हे त्याने ठरवायला नको?


उपवनकाका
सोमवार, सकाळी ६:५०

खाडीपार, आटपाट नगराचं उदाहरण छान, पण अर्धंच. आपल्याच महाभारताचं आदिपर्व उघडा. आधी अनुक्रमणिका पर्व. मग पर्वसंग्रह, म्हणजे पुढे काय काय येणार त्याची यादी. मग पौष्य, पौलोम, आस्तीक. उत्तंकाची कुंडलं, रुरूने अर्धं आयुष्य दिलेली प्रमद्वरा, गरुडाने आणलेलं अमृत, जनमेजयाचं सर्पसत्र. कौरव-पांडव म्हणाल तर सौती अजून नैमिषारण्यात ऋषींना 'काय ऐकायचंय तुम्हाला' हेच विचारतोय. त्या मानाने साठ पानांत एक वाढदिवस आणि एक गप्पांची बैठक म्हणजे फारच घाई.

मराठीतही 'मुक्तामाला' १८६१ साली आली, तेव्हापासून अद्भुत कादंबऱ्या वाचणारे आपण. आपल्याला उशीर नवा नाही, फक्त सवय गेली.

आणि चरईवाले, एक विचारायचं होतं. तुमच्या प्रतीत पहिल्या प्रकरणात कुठे आमटीचा डाग आहे का?


चरईवाला
सोमवार, सकाळी ८:४०

काका, राबाड्याहून लिहितोय. डाग नाही. आत कोणाच्या तरी हळदीकुंकवाचं आमंत्रण आहे, खूण म्हणून ठेवलेलं. का हो?


उपवनकाका
सोमवार, सकाळी ९:०५

काही नाही. माझी एक प्रत २००९ साली कोणीतरी वाचायला नेली, ती आलीच नाही. कोणी नेली ते आता आठवत नाही. जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावर कोणाला मिळाली असं कळलं की उगाच आशा वाटते.


नौपाड्याची_नंदा
सोमवार, दुपारी २:१५

मला तर पहिलं प्रकरण सगळ्यात आवडतं. तुम्ही सगळे त्यात तलवारी शोधताय. ती भाऊबंदकीची गोष्ट आहे हो! बिल्बो एकटा जीव, घर मोक्याचं, पैसा आहे अशी गावभर वदंता. त्याने नव्व्याण्णवाव्या वर्षी पोरक्या फ्रोडोला जवळ केलं, त्याबरोबर सॅकव्हिल-बॅगिन्सांचा हक्क बुडाला. ही मंडळी कोण, तर आधीच्या 'हॉबिट' पुस्तकात बिल्बो मेला असं समजून त्याच्या खोल्यांची मापं घेणारी, आपलं फर्निचर बसेल का बघायला.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची गोष्ट. आमचे मोठे काका अविवाहित, दोन खोल्या त्यांच्या नावावर. काका नुसते चार दिवस हॉस्पिटलात होते तर एक चुलत नातेवाईक डबा घेऊन आल्या. डबा आमच्या हातात दिला आणि पर्समधून टेप काढली. "नाही, सहज बघतेय, जुन्या खोल्या किती ऐसपैस असायच्या." काका खडखडीत बरे होऊन घरी आले आणि पहिलं काय केलं, तर वकिलाला बोलावलं.

पुस्तकात बिल्बो गेल्यावर या सॅकव्हिल-बॅगिन्सांपैकी ओथो मृत्युपत्र मागून घेऊन वाचतो. सात साक्षीदारांच्या सह्या, त्याही लाल शाईत. आपल्याकडे दोन पुरतात. पण घरात ओथोच्या बायकोसारखी लोबेलिया असेल तर सातच घ्याव्यात, असं मी स्वानुभवाने सांगते.


पारसिक_बोगदा
सोमवार, दुपारी २:४०

+१ नंदाताई. लोबेलियाच्या छत्रीत लपवलेल्या छोट्या छोट्या वस्तू फ्रोडो काढून घेतो, तो प्रसंग विसरू नका. बिल्बोने तिला मुद्दाम चांदीच्या चमच्यांची पेटी ठेवली होती, कारण आधीचे चमचे तिनेच नेले असावेत असा त्याचा संशय. तो आहेर नाही, टोमणा आहे.

सगळ्याच भेटी तशा. डोरा आत्याने पन्नासहून जास्त वर्षं पत्रांतून सल्ले पाठवले, तिला रद्दीची टोपली. छत्र्या नेणाऱ्याला छत्री. पत्राला कधी उत्तर न देणाऱ्याला पेन आणि दौत. आणि ह्यूगो ब्रेसगर्डल नावाचा एक पुस्तकं नेऊन परत न करणारा, त्याला रिकामं कपाट!


उपवनकाका
सोमवार, दुपारी ३:००

हे कपाट कुठे मिळतं?


सानपाडा_स्लो
सोमवार, सायं. ७:३०

हॉबिट आपल्या वाढदिवसाला स्वतःच दुसऱ्यांना भेटी देतात, याचं परदेशी वाचकांना केवढं अप्रूप. आपल्याकडे वाढदिवसाचं पोरच वर्गात गोळ्या वाटत फिरतं, आणि बाईंना दोन. यात जादू कसली?


मीठबंदर
सोमवार, रात्री ९:१०

मी खाडीपारच्या बाजूने. पण कारण वेगळं.

टॉल्किनने हे प्रकरण डिसेंबर १९३७ मध्ये लिहायला घेतलं. त्याच वर्षी 'हॉबिट' आलं होतं, ते चाललं, प्रकाशकाला पुढचा भाग हवा होता. पुढे काय होणार हे लेखकालाच ठाऊक नव्हतं. फ्रोडोचं नाव आधी बिंगो होतं. रस्त्यावर घोड्याच्या टापा ऐकू येतात आणि काळा स्वार येतो ना, तिथे पहिल्या खर्ड्यात चक्क गँडाल्फ येणार होता! म्हणजे लेखक चाचपडत होता आणि ते चाचपडणं सुरुवातीच्या प्रकरणांत तसंच राहिलंय. आवाज लहान मुलांच्या पुस्तकाचा आणि विषय जगबुडीचा.

पुरावे दोन. तिसऱ्या प्रकरणात हॉबिट झाडाखाली झोपलेत, तिथून एक कोल्हा जातो आणि मनात म्हणतो, हॉबिट आणि उघड्यावर झोपलेत, यात काहीतरी गौडबंगाल आहे. त्या कोल्ह्याचं पुढे काहीही होत नाही. सगळ्या पुस्तकात तो पुन्हा नाही. दुसरा पुरावा पहिल्याच प्रकरणात. आतषबाजीतला ड्रॅगन लोकांच्या डोक्यावरून जातो, तो कसा, तर एक्स्प्रेस गाडीसारखा. ज्या जगात पाणचक्की आणि हातमागापलीकडे यंत्र नाही, तिथे एक्स्प्रेस गाडी कुठून आली?


घोडबंदर_ग्रस्त
सोमवार, रात्री ९:१८

बोरीबंदरहून. १६ एप्रिल १८५३. ठाणेकराला हे विचारता?


जांभळीनाका
सोमवार, रात्री ९:५०

मीठबंदर, मुद्दे चोख आहेत पण निष्कर्ष पटला नाही. एक्स्प्रेस गाडी त्यांच्या जगात नाही, सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जगात आहे. कीर्तनकार नाही का सांगत, मारुतीराय विमानासारखे निघाले? कोणी उठून विचारतं का, बुवा, त्रेतायुगात विमानतळ कुठे?

कोल्हा मात्र मलाही खटकतो. पण गंमत सांगू, सगळं विसरले, कोल्हा विसरले नाही.


चरईवाला
सोमवार, रात्री ११:०५

एवढं वाचून हुरूप आला, पण प्रश्न तिथेच. पहिल्या प्रकरणात घडतं काय? भाऊबंदकी मजेची आहे, मान्य. पण ती आमच्या घरी फुकट मिळते.


नेरूळ_पूर्व
मंगळवार, रात्री १२:४०

मी सहसा नुसती वाचते, लिहीत नाही. पण या प्रश्नावर राहवलं नाही.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटाकडे परत जा. वाढदिवस झालाय, बिल्बो घर सोडून निघालाय. ठरल्याप्रमाणे ती गायब करणारी अंगठी फ्रोडोसाठी ठेवून जायची आहे. गँडाल्फ विचारतो, ठेवलीस का? बिल्बो सांगतो, हो, पाकिटात घालून त्या शेगडीवरच्या फळीवर ठेवली आहे. आणि लगेच, अरे नाही, ही तर माझ्या खिशातच आहे. मग तो चिडतो. माझीच आहे, मी का देऊ, तुलाच हवी असेल. शेवटी कबूल होतो, दाराबाहेर पाऊल टाकतो, तरी पाकीट खिशातच. गँडाल्फला आठवण करून द्यावी लागते.

आता दुसरं प्रकरण, तुम्ही कंटाळलात ते. सतरा वर्षांनी. फ्रोडोला अंगठीचं सगळं कळलंय, तो घाबरलाय, नष्ट कर म्हणतोय. गँडाल्फ म्हणतो, करून बघ. फ्रोडो अंगठी विस्तवात टाकायची म्हणून बाहेर काढतो. बघत राहतो. मग मन घट्ट करून हात झटकतो. आणि बघतो तर अंगठी त्याने परत खिशात ठेवलेली असते.

तलवार नाही, लढाई नाही. दोन माणसं, दोन खिसे.

माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितली. बाबा शब्दाचे पक्के. घरी आल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, संपलं. आईने विचारलं, पुडी कुठे आहे? म्हणाले, देवघराखालच्या खणात टाकली, जा, फेकून दे. आईने खण उघडला. खण रिकामा. बाबांनी सदऱ्याच्या खिशाला हात लावला आणि त्यांचा चेहरा मी बघितला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी ती खणात ठेवली आहे. मग चिडले. माझ्या पैशाची आहे, तुम्ही कोण सांगणारे. त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

हे पुस्तक मी त्यानंतर चार-पाच वर्षांनी वाचलं. बिल्बो 'खिशातच आहे' म्हणाला तिथे पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते.


नौपाड्याची_नंदा
मंगळवार, सकाळी ७:२०

नेरूळताई, काय लिहिलंयत. बाबा आता कसे आहेत?


नेरूळ_पूर्व
मंगळवार, सकाळी ७:५५

बरे आहेत. रोज सकाळी चालायला जातात. सुटली एकदाची, पण वर्ष गेलं. आता खिशात बडीशेप असते.


खाडीपार
मंगळवार, सकाळी १०:१०

दोन खिशांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिन्ही वेळा त्याच पानांवरून गेलोय. तरीही माझं म्हणणं शिल्लक आहे: हे वाचकाला दिसावं अशी लेखकाची इच्छा असेल तर भोवतीचे आचारी आणि तंबू थोडे कमी करावेत.


उपवनकाका
मंगळवार, सकाळी ११:००

आचारी कमी केले तर खिसा लगेच दिसेल, आणि लगेच दिसला की तो कावा वाटेल. असो, मी हरलो तरी बोलणारच.

गाण्यांबद्दल कोणीच सांगितलं नाही, म्हणून सांगतो. गाळू नका, निदान एक तरी. बिल्बो घर सोडताना वाटेबद्दलचं एक कडवं म्हणतो. सतरा वर्षांनी तिसऱ्या प्रकरणात फ्रोडो तेच म्हणतो. जवळजवळ शब्दाला शब्द. बिल्बोचे पाय उत्सुक आहेत. फ्रोडोचे थकलेले. एवढा एक शब्द बदललाय. म्हातारा उड्या मारत निघालाय आणि तरुण आधीच दमलाय. कडवं गाळलंत तर हे हातून गेलं.


पारसिक_बोगदा
मंगळवार, दुपारी १:२५

तरुण कसला, पन्नाशीचा आहे. निघायचं कळतं एप्रिलमध्ये आणि निघतो २३ सप्टेंबरला, वाढदिवस करून. जगावर संकट आलंय आणि हा पाच महिने सामान बांधतोय. आमच्याकडे "येतो हं" म्हटल्यावर दारात अर्धा तास गप्पा होतात, त्यातलाच प्रकार.

नंदाताई, आणि घर कोणाला विकतो? लोबेलियालाच!


नौपाड्याची_नंदा
मंगळवार, दुपारी १:४०

हो ना. टेपवाल्या बाईंना शेवटी घर मिळालंच. पण पहिल्या दोन प्रकरणांत मनासारखं बोलणारी बाई म्हणावी अशी ती एकटीच, बाकी सगळी पुरुषमंडळी खातायत आणि धूर सोडतायत. म्हणून तिच्यावर जीव आहे माझा. आणि तिची ती छत्री लक्षात ठेवा. तिसऱ्या खंडाच्या अगदी शेवटी...


चरईवाला
मंगळवार, दुपारी १:४२

ताई थांबा!! छत्री सिनेमात नव्हती!


नौपाड्याची_नंदा
मंगळवार, दुपारी १:४५

थांबले. तोंडावर बोट.


सानपाडा_स्लो
मंगळवार, रात्री ८:१५

अवांतर: मराठीत मुग्धा कर्णिक यांचं भाषांतर आहे, 'स्वामी मुद्रिकांचा'. इंग्रजी जड जात असेल तर ते घ्या.

टॉल्किनने भाषांतरकारांसाठी नावांची एक मार्गदर्शिकाच लिहून ठेवली होती, कुठलं नाव तसंच ठेवायचं, कुठल्याचा अर्थ आपल्या भाषेत आणायचा. बॅगिन्समधली 'बॅग' अर्थाने यायला हवी असं त्याचं म्हणणं. बॅग एंड हे नाव त्याच्या मावशीच्या शेतावरच्या घराचं होतं. मी चाळा म्हणून करून बघितलं. बिल्बो पिशवीकर. मग सॅकव्हिल-बॅगिन्स?


घोडबंदर_ग्रस्त
मंगळवार, रात्री ८:२०

गोणपुरे-पिशवीकर. माहेरचं नाव सोडत नाहीत. लग्नाच्या हॉलवर बोर्ड वाचल्यासारखं वाटतंय.


जांभळीनाका
मंगळवार, रात्री ८:३३

सौ. लोबेलिया गोणपुरे-पिशवीकर, खजिनदार, महिला मंडळ. छत्रीसह.


मीठबंदर
मंगळवार, रात्री ८:५०

विषय भरकटतोय, पण पिशवीकर झकास.


चरईवाला
शनिवार, रात्री ९:३०

प्रगती: चौथं प्रकरण संपलं. काळा स्वार रस्त्यावर थांबून हुंगतो, तिथे मान वर केली तर डब्यातले सगळेच आपापल्या फोनमध्ये मान खाली घालून बसलेले. अंगावर काटा आला.

पण जीव जडला तो मॅगट शेतकऱ्यावर. फ्रोडो लहानपणी त्याच्या शेतातल्या अळंब्या चोरायचा, त्याने कुत्री अंगावर सोडली होती. ती भीती याला पन्नाशीतही आहे. मागे यमदूत लागलेत आणि हा घाबरतोय कुत्र्यांना! आणि तोच शेतकरी काळ्या स्वाराला दारातून हाकलतो, यांना जेवू घालतो, गाडीतून घाटापर्यंत सोडतो, आणि जाताना बायकोने दिलेली टोपली हातात ठेवतो. आत अळंब्या.

पावसाळ्यात जांभळी नाक्याजवळ येऊरच्या बायका शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन बसतात, त्यांच्याकडे कधीतरी पानात बांधलेल्या रानातल्या अळंब्या असतात. माझी आई दरवर्षी घासाघीस करायची आणि दरवर्षी ती बाई शेवटी एक मूठ वरून टाकायची. टोपलीवरचं फडकं काढलं आणि तोच ओला, मातीचा वास नाकात आला. पुस्तकात वासाचा उल्लेखही आहे, आहे ना?


जांभळीनाका
शनिवार, रात्री ९:५५

आहे. प्रकरण संपतंच अळंब्यांच्या वासावर. आणि या वर्षी अळंब्या फार महाग होत्या, ते जाऊ दे.


खाडीपार
रविवार, सकाळी १०:२०

कळवायला लाज वाटत नाही: चौथ्यांदा सुरू केलं. प्रस्तावना गाळली. थेट वाढदिवस. दुसरं प्रकरण पार पडलं. खिसा दिसला.

प्रस्तावना शेवटी वाचावी असं माझं सुधारित मत आहे. तंबाखूचं काय काम ते मात्र अजून कळलेलं नाही.


मीठबंदर
रविवार, सकाळी १०:४०

तंबाखू पुढे दुसऱ्या खंडात एके ठिकाणी सापडते, ती भलत्याच ठिकाणी. एवढंच. नाहीतर चरईवाले ओरडतील.

आणि पुढचा धोक्याचा इशारा: टॉम बॉम्बाडिल येतोय. सिनेमात नाही, कारण उघड आहे. पिवळे बूट, निळा कोट, आणि बोलतो ते अर्धं गाण्यात. तिथे सोडून देणारे सगळ्यात जास्त असावेत असा माझा अंदाज.


उपवनकाका
रविवार, सकाळी ११:१५

बॉम्बाडिल झाल्यावर थडग्यांची टेकडी आणि धुकं. ती मात्र रात्री घरी वाचा, गाडीत नको.


चरईवाला
बुधवार, सकाळी ९:५०

तुर्भ्याहून लिहितोय. तुर्भ्याहून! ब्री गावातली खानावळ, कोपऱ्यात टोपी पुढे ओढून बसलेला तो माणूस फ्रोडोकडे बघतोय, फ्रोडो टेबलावर चढून गाणं म्हणतोय, पाय घसरतो, अंगठी बोटात जाते आणि हा सगळ्यांदेखत गायब. आजोबांनी वाढदिवसाला मुद्दाम केलं तेच, नातवाच्या हातून नको तिथे. हे डोक्यात जुळेपर्यंत कोपरखैरणे मागे गेलं होतं. साहेबांना काय सांगू?


घोडबंदर_ग्रस्त
बुधवार, सकाळी ९:५४

नातू नव्हे, नात्यातला भाऊ. पण साहेबांना सिग्नल गेला सांगा, रोज चालतं.


मीठबंदर
बुधवार, सकाळी १०:१०

त्या कोपऱ्यातल्या माणसाचंही तसंच. पहिल्या खर्ड्यात तो लाकडी बूट घालणारा हॉबिट होता, नाव ट्रॉटर. कोण आहे हे लेखकालाही ठाऊक नव्हतं. चाचपडत होता ते मी अजून सोडत नाही. फक्त आता ते दोष म्हणून सांगत नाही.


सानपाडा_स्लो
बुधवार, रात्री ९:४०

उपवनकाका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.


उपवनकाका
बुधवार, रात्री ९:५२

व्यनि कशाला, इथेच बोला की.


सानपाडा_स्लो
बुधवार, रात्री १०:०५

बरं. गडकरी रंगायतनच्या बाहेर भेटलो होतो आपण, २००९, डिसेंबर. मी तेव्हा वेगळ्या नावाने लिहायचो. तुम्ही एक पिशवी दिली होती हातात. घर बदललं, खोका माळ्यावर गेला, मग लाज वाटली आणि मग राहूनच गेलं. त्या दिवशी ह्यूगोचं कपाट वाचलं आणि माळा उघडला.


उपवनकाका
बुधवार, रात्री १०:०७

आमटीचा डाग?


सानपाडा_स्लो
बुधवार, रात्री १०:०९

आहे, पहिल्याच प्रकरणात, मांडवाच्या वर्णनावर. पण काका, तो मी पाडलेला नाही.


उपवनकाका
बुधवार, रात्री १०:१५

माझाच आहे. रविवारी सकाळी तलावपाळीला या. कपाट आणू का?